थंड टायरवरची थाप

शर्यतीआधी टायर जाळावं लागतं, हे अनसिंगात कुणाला पटवून सांगणं म्हणजे निरी डोकेफोड. माझ्या गॅरेजच्या मागं मोकळी जागा आहे. तिथं माझी धाकटी बहीण मोटारसायकल एका जागी उभी धरून मागचं चाक गरगरा फिरवायची, पांढरा धूर निघायचा, रबराचा वास चार घरांत शिरायचा आणि मग शेजारच्या काकू पदर नाकाला लावून हजर व्हायच्या.

"अरे बापा, चांगलं टायर जाळून राह्यले! मस्ती आली का तुमाले?"

"काकू, तुमी थंड्या तव्यावर भाकर टाकता काय?" मी ओरडायचो. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

"तव्याले धूर निघेलोक नाई तापवत आमी," असं म्हणून काकू निघून जायच्या, आणि माझी बहीण हेल्मेटच्या आत हसत बसायची. हसली की तिचे खांदे हलायचे, त्यावरून कळायचं.

खरं म्हणजे भाकरीपेक्षा त्यात फार वेगळं काही नाही. थंड रबर कडक असतं. सरळ पट्टीवरच्या शर्यतीत, ज्याला पोरं ड्रॅग रेस म्हणतात, सगळा खेळ सुटण्याचा. तिथं कडक रबर डांबराला धरत नाही, चाक जागच्या जागी फिरतं आणि शेजारचा पुढं निघून जातो. म्हणून आधी खाली पाणी ओतायचं, पुढचा ब्रेक गच्च दाबायचा आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. पुढचं चाक हलत नाही, मागचं फिरतं, धूळमाती धुऊन निघते. मग गाडी जराशी पुढं, कोरड्या डांबरावर घ्यायची आणि तिथं घासायचं. रबर तापतं, मऊ पडतं, तळहात टेकवला तर गुळाच्या पाकासारखं चिकटतं. जास्त तापवलं तरी फजिती, रबर बुळबुळीत होतं. नेमकं कधी थांबायचं, ते सगळं मागं उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. आमच्यात तो माणूस मी.

आमची पट्टी किन्हीराजाच्या अलीकडं. रस्त्याचं मोठं काम चाललं होतं तेव्हा गिट्टीच्या गाड्यांसाठी एका शेतातून सरळ डांबरी रस्ता केला होता. काम संपलं, गाड्या गेल्या, रस्ता तसाच राहिला. शेतमालक हुशार. सोयाबीन निघालं की गावातले लोक त्या डांबरावर शेंगा वाळवतात, आणि हिवाळ्यात तो माणूस तीच पट्टी शर्यतीला देतो. पट्टी कितीही झाडा, फटींत कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, राहतंच. पुण्या-नागपूरकडचे रायडर पहिल्यांदा येतात तेव्हा त्या कुटारावरून असे घसरतात की बघणाऱ्यांची करमणूक होते. आम्हाला मात्र ते माहीत होतं, म्हणून आमचं टायर तापवणं इतरांपेक्षा लांबायचं.

आमच्या बाबांना यातलं सगळं समजायचं, फक्त टायरच्या जागी बैल घालून. बाबा तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकत. पटाच्या आधी बैलांच्या पायांना कोमट तेल चोळायचे, त्यांना फिरवून अंगात ऊब आणायचे. आणि बाबांची एक रीत होती. हाकणाऱ्यानं मागं बघायचं नाही. माझे काका मागं उभे राहून बैलांच्या मांडीवर हात ठेवून पाहायचे आणि जोडी तयार झाली की बाबांच्या पाठीवर एक थाप मारायचे. थाप बसली की निघायचं. बसली नाही तर जागचं हलायचं नाही, मग शेजारची जोडी निघून का जाईना. बाबा म्हणायचे, "हाकनाऱ्यानं आपली अक्कल तोंडाकडं ठेवावी, मांगची अक्कल मांगच्याची."

आम्ही ती रीत जशीच्या तशी उचलली. हेल्मेट, इंजिनाचा आवाज आणि समोरची झेंडी, एवढ्यात बहिणीनं टायरचा विचार करायचाच नाही. मी मागून धूर बघायचो. तिनं चाक थांबवलं की वाकून टायरवर तळहात टेकवायचो आणि तिच्या पाठीवर थाप मारायचो. ती लायनीवर जायची. झेंडी पडायची. बाईसाहेब गेल्या! बाकीच्या रायडरांजवळ बोटभर थर्मामीटर होते. आमच्याजवळ माझा पंजा होता, आणि आम्ही त्यांना हरवायचो.

ती या नादाला कशी लागली, तर माझ्यामुळंच. मी स्वतः चार-पाच हिवाळे शर्यतीत उतरलो होतो आणि एकदाही धड नंबर आला नाही. सुटताना माझी छाती धडधडायची आणि क्लच हातातून निसटायचा. एकदा चिडून मी हेल्मेट वावरात फेकलं. ती ते उचलून आणायला गेली आणि येताना डोक्यात घालूनच आली. म्हणाली, "दादा, मी बसून पाहू का?" त्या दिवसापासून मी गाडीच्या मागं गेलो आणि ती गाडीवर. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाटलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पुण्याचा एक संघ आमच्या पट्टीवर शर्यत बघायला आला. त्यांना एक रायडर घ्यायचा होता. गाडी त्यांची, राहायची सोय त्यांची, वर्षभर देशात जिथं जिथं शर्यत असेल तिथं जायचं. सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, शेवटच्या जोडीत, म्हणजे दोघांच्या शेवटच्या फेरीत, जो जिंकेल त्याला घेणार. बहिणीनं हे ऐकल्यापासून जेवण कमी केलं होतं, म्हणे वजन घटते. आईनं पोळ्यांना तूप लावणं सोडलं नाही, आणि ही वरची पोळी उचलून माझ्या ताटात टाकायची. मी तूप खात गेलो आणि विचार करत गेलो की ही गेली तर गॅरेजमध्ये माझ्यासोबत कोण? तिचा हात इंजिनात माझ्यापेक्षा चांगला. गिऱ्हाईक आता दारात येऊन विचारतं, "ताई हाय काय?" मी समोर उभा असतो, तरी.

शर्यतीच्या दिवशी सकाळी थंडी अशी होती की डांबरावर दव. बाबा मफलर गुंडाळून खुर्चीवर बसले होते, पट्टीच्या अर्ध्यात, जिथून सगळं दिसतं. बहिणीच्या आधीच्या सगळ्या फेऱ्या मस्त गेल्या. मात्र शेवटच्या आधीच्या फेरीत मी टायर जरा जास्तच छान तापवलं, आणि ते डांबराला असं धरलं की झेंडी पडताच गाडीचं पुढचं चाक वर गेलं. वर म्हणजे वरच. मला मागून गाडीचं पोट दिसलं. तिनं ॲक्सिलरेटर सैल सोडला, चाक आपटलं, गाडी सरळ झाली आणि तरीही ती जिंकली. परत आली तेव्हा हसत होती. "पाह्यलं काय, दादा? विमान झालं होतं मायं!"

मी तिच्यावर खेकसलो, "दात नोको काढू, पानी पे." आणि लोक तिच्याभोवती गोळा झाले. पुण्याचा माणूस लांबून अंगठा दाखवून गेला.

आता शेवटची जोडी. समोर अकोल्याकडचा एक रायडर, चांगला शांत पोरगा. मी पाणी ओतलं. बहिणीनं चाक फिरवलं, पाणी उडालं, गाडी कोरड्यावर आली. चाक घासू लागलं. धूर निघाला, पातळ, निळसर, एकाच बाजूनं. अजून वेळ होता. अजून निदान तेवढंच घासायचं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर गाडीचं पोट. मी विचार केला, टायर जरा थंड राहिलं तर चाक उचलणार नाही. त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, अगदी बारीक: ती जिंकणारही नाही. मी हात वर करून तिला थांबवलं. वाकून तळहात टेकवला. टायर दुसऱ्या बाजूनं ओलसर होतं, गार होतं, हाताला कुटाराचा कण लागला. चिकटलं काहीच नाही.

मी थाप मारली.

तिनं मान उलशीक मागं वळवली. मला वाटलं, अकोल्याच्या पोराला बघते. मग ती लायनीवर गेली.

झेंडी पडली आणि मागचं चाक सुटलं. पुढं नाही, आडवं. गाडीचं शेपूट आधी डावीकडं गेलं, मग उजवीकडं, मग एवढं डावीकडं की आता ही शेजारच्या गाडीत शिरते, असं मला दिसलं. करायला गेलो एक! चाक उचललं तर माणूस मागं पडतो, पण आडव्या गाडीवरून पडला तर शेजारच्याच्या चाकाखाली. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? चार-पाच वर्षं मी हेच बघत आलो. मी थाप मारताना ते आठवलं नाही, एवढंच. मी बोंबलत धावत सुटलो. तिनं कशी ती गाडी सावरली देव जाणे. पाय टेकवला, बूट घासला, गाडी सरळ केली आणि पट्टीच्या शेवटापर्यंत नेली. अकोल्याचा पोरगा केव्हाच पोहोचून हेल्मेट काढून उभा होता.

मी पोहोचलो तेव्हा ती गाडी स्टँडवर लावत होती. पुण्याचा माणूस आधीच तिथं होता. भला माणूस, आवाज मऊ. म्हणाला, "तू हिमतीची आहेस, गाडी सांभाळलीस ते फार कमी जणांना जमलं असतं. पण टायर तापवायचं अजून कळत नाही तुला. त्याशिवाय पुढं नाही जाता येणार."

मी बाजूला उभा. तळहातावर अजून ओल.

"हो सर," बहीण म्हणाली. "माझी घाई झाली."

माझी, म्हणाली. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण त्या माणसानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला शुभेच्छा दिल्या आणि अकोल्याच्या पोराकडं गेला. मी तोंड मिटलं. एवढं सोपं असतं ते.

बाबा खुर्चीवरून उठून हळूहळू आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "पोरा, धूर कमी दिसला रे मले तिकडून."

"ऊन डोळ्यावर होतं तुमच्या, बाबा. दिसला नसंन."

बाबांनी आभाळाकडं पाहिलं. ऊन त्यांच्या पाठीमागून होतं. घरी येताना टेम्पोत ते बहिणीला म्हणाले, "बाई, मांगच्याची थाप बसल्याबिगर हलत जाऊ नाई." आणि ती म्हणाली, "हाव बाबा." मी टेम्पो चालवत होतो. आरशात तिचा चेहरा दिसत होता म्हणून मी आरसा वाकडा केला.

त्यानंतरचे दिवस माझे फार वाईट गेले, आणि माझ्यामुळं गिऱ्हाइकांचेही. खाई त्याला खवखवे. एकानं सहज विचारलं, "काय भौ, ताईचं थोडक्यात हुकलं म्हणे, टायर थंडं राह्यलं काय?" तर मी त्याला म्हटलं, तुले लय समजते तर तूच ये नं मांगं उभा राहाले, आणि पाना आपटला. तो बिचारा पंक्चर न काढताच गाडी ढकलत निघून गेला. बहीण सगळं बघायची. पहिल्यासारखीच कामाला यायची, पहिल्यासारखाच चहा करायची, माझ्या कपात साखर जास्त टाकायची. तिनं एकदा जरी मला शिवी दिली असती, तरी मला दोन घास गोड लागले असते. जेवताना मला गमत नव्हतं. तिनं पुन्हा पोटभर खायला सुरुवात केली होती, तूपही. ते बघवत नव्हतं.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती चेन धुवत बसली होती. मी म्हटलं, "अवं, त्या दिवशी टायर थंडं होतं."

"मले माईत हाय," ती म्हणाली. मान वरसुद्धा केली नाही.

"काय माईत हाय?"

"थंडं होतं ते. टायर गरम झालं की आवाज बदलते, दादा. गाडी मांगून उलशीक खाली बसल्यावानी होते. त्या दिवशी बसलीच नोती."

"मंग निघाली काहून?"

तिनं चेन रॉकेलच्या डब्यात ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. लहान लेकराला सांगावं तसं म्हणाली, "तू थाप मारली नं."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"मले वाटलं, तुले काही दिसलं असंन. मले वरून जे नाई दिसत ते. चुकली असंन थाप, मंग काय झालं? मानूस चुकते. त्या पुन्याच्यापुढं तुहं नाव कायले घेऊ मी?"

इथं मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. ती चूक समजून मला माफी देऊन बसली होती, कधीचीच. घ्यायची आणि चहा प्यायचा. पण माझ्याच्यानं झालं नाही. मी म्हटलं, "चुकली नाई. जानून मारली."

तिच्या हातातून ब्रश खाली पडला नाही की काही नाही. तिनं तो नीट बाजूला ठेवला. "काहून?"

"सकाळी चाक उचललं होतं तुहं. मले भेव वाटलं."

"भेव वाटलं तं सांगाचं होतं. मी गाडी बंद करून खाली उतरली असती."

आणि ते खरं होतं. मी म्हटलं असतं, उतर, तर ती उतरली असती. पुण्यासकट सगळं तिथंच सोडून.

"भेवच होतं का, दादा? निरं भेवच?"

तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग हात पुसले आणि घरी गेली. चेन मी धुतली.

त्याच संध्याकाळी मी पुण्याच्या त्या माणसाला फोन लावला. सगळं सांगितलं, माझी चूक होती, तिची नाही, तिला टायर माझ्यापेक्षा चांगलं समजतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत. पण या वर्षीची जागा भरली." मग जरा थांबून म्हणाला, "तिला सांगा, मागं कोण उभं राहतं ते नीट निवडायचं." मी तो निरोप तिला दिला नाही. बाबांना मात्र खरं सांगितलं. ते खूप वेळ मफलरच्या टोकाशी खेळत बसले, आणि मग म्हणाले, "मायी रीत होती ते. मीच शिकवली तुमाले." मला रागावले असते तर बरं झालं असतं.

होळीच्या आधी त्याच पट्टीवर पुन्हा शर्यत ठरली, छोटीच, आसपासच्या पोरांची. मला वाटलं, ती मला नेणार नाही. मी काही विचारलं नाही, विचारायचं तोंड कुठं होतं? सकाळी ती गाडी टेम्पोत चढवत होती. वरूनच म्हणाली, "पान्याची कॅन घेतली काय?" मी धावत जाऊन घेतली. टेम्पोत तिच्या शेजारी बसलो तेव्हा मला लेकरासारखा आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. तिकडं आसेगावचं एक पोरगं ओळखीचं भेटलं, मी त्याच्याशीही गोड बोललो.

ऊन चांगलं तापलं होतं. मी पाणी ओतलं. तिनं चाक फिरवलं, कोरड्यावर आली, घासलं. मी ठरवूनच आलो होतो, आज असं तापवायचं की जन्मात कुणी तापवलं नसेल. धूर पातळ निघाला, मग पांढरा, मग दोन्ही बाजूंनी दाट, तिची पाठ दिसेना इतका. मी हात वर केला. ती थांबली. वाकून मी तळहात टेकवला आणि तो चिकटला, अगदी पाहिजे तसा, काढताना कातडी ओढली गेली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. तशी थाप मी आयुष्यात मारली नसेल, इतकी खरी.

ती हलली नाही.

मला वाटलं, तिला कळली नाही. मी पुन्हा मारणार होतो. तेवढ्यात तिनं उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातानं ओढून काढला, बसल्या जागेवरून मागं वाकली आणि टायरवर आपला तळहात टेकवला. बघितलं. मग हातमोजा घातला आणि लायनीवर गेली.

ती जिंकली. मी कॅन उचलून टेम्पोत ठेवली.